तुम्ही विचारलंत म्हणून: हमीपत्रावर सही असते, मग मुले राबतात कुठे?

गोव्यातील कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका रंगकारखान्यात मी एकोणीस वर्षे खरेदी विभागात काढली, हे कळले की फोंड्यात कोणी ना कोणी विचारतेच, "प्रत्येक पुरवठादाराकडून बालमजुरी नसल्याचं हमीपत्र घेता ना, मग तरीही मुलं राबतात कशी?"

गाडीच्या रंगातील चमक पुष्कळदा अभ्रकाची असते. झारखंडमधील कोडरमा, गिरिडीह आणि बिहारमधील नवादा हा त्याचा जुना पट्टा. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर तेथील बऱ्याच खाणी बंद पडल्या, पण मागणी राहिली, आणि घरेच्या घरे जुन्या ढिगाऱ्यांतून व अरुंद खड्ड्यांतून 'ढिबरा', म्हणजे भंगार अभ्रक, वेचू लागली. २०१६ साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या वार्ताहरांनी अशा खड्ड्यांत दोन महिन्यांत सात मुले दगावल्याचे उघड केले.

हा ढिबरा किलोवर गावच्या व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि मग प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात जातो, आणि तेथे सगळ्या गावांचा माल एकत्र होतो. आमच्या हमीपत्रावर सही करणारा हा कारखानदार. त्याच्याकडे ऑडिटसाठी गेलो तेव्हा हजेरीपट चोख होता, आत एकही मूल नव्हते. रस्त्यापलीकडे मात्र आईशेजारी बसून नऊएक वर्षांची मुलगी अभ्रकाचे पापुद्रे सोलत होती. तिच्या नखांच्या कडा चमकत होत्या. "ती कामगार नाही, आईबरोबर आली आहे," मला सांगण्यात आले. हमीपत्रातील शब्द खरा होता आणि ती मुलगीही खरी होती.

गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ पासून आहे, पण त्याचा हात गिरिडीहच्या टेकडीपर्यंत पोहोचत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीचा केलेल्या सामाजिक जबाबदारीच्या अहवालात बालमजुरीच्या तक्रारींचा रकाना आहे, तो कर्मचारी आणि कामगारांनी केलेल्या तक्रारींचा. त्या मुलीने तक्रार कोणाकडे करायची?

मला सर्वांत जास्त बोचते ते दराचे. दरवर्षी मी किलोमागे रुपया-दोन रुपये तोडून घेत असे आणि त्याबद्दल शाबासकी मिळवत असे. तो तोडलेला रुपया मधला कोणीही स्वतःच्या खिशातून देत नाही. तो घसरत घसरत टेकडीवर पोहोचतो, आणि आईच्या टोपलीत दिवसाची मजुरी भरेनाशी झाली की मुलगी शाळेऐवजी टोपली उचलते.

म्हणून शेवटच्या दोन वर्षांत मी हमीपत्राखेरीज दोन गोष्टी मागू लागलो: माल उचललेल्या गावांची नावे आणि तेथे वेचणाऱ्याच्या हातावर ठेवलेला दर. तीन पुरवठादारांपैकी एकानेच यादी पाठवली. त्याचा माल सात टक्के महाग होता, आणि त्याची ऑर्डर मंजूर करून घ्यायला मला चार बैठका लागल्या.