एकोणीस मिलिमीटरचे आबा

गेल्या महिन्यात मी एका हमालाच्या सदऱ्याच्या पाठीवर ब्रशनं डाग रंगवत बसले होते. हमालाची उंची एकोणीस मिलिमीटर. माणूस साडेपाच फुटांचा धरला आणि सत्त्याऐंशीनं भागलं की एवढाच उरतो, कारण माझी गाडी मॉडेल रेल्वेची, एचओ नावाच्या मापाची, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. डाग केळीच्या चिकाचा. तो उजव्या खांद्यावर गोल टिपक्यासारखा काढला, भिंगातून पाहिला, मनासारखा वाटला आणि आबांपुढे नेला.

आबांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असा नाही व बाई. चीक खाली वाहतो, पाण्यासारखा. खांद्यावरून पाठीवर जातो. अन् वाळला की मग काळा पडतो."

मी डाग पुसला आणि पुन्हा काढला.

आबा म्हणजे माझे वडील. सावदा स्टेशनावर त्यांनी वाघिणींमध्ये केळी भरली, पंचवीसेक वर्षं. आता ऐंशीचे आहेत आणि माझ्याकडे डोंबिवलीला राहतात. सावदा, निंभोरा, रावेर ही भुसावळच्या पुढची, खंडव्याकडे जाणाऱ्या मार्गावरची स्टेशनं. खानदेशातली केळी तिथून दिल्लीकडे जायची. आमच्या लहानपणी 'वाघीण' म्हटलं की जंगलातलं जनावर आधी डोळ्यांसमोर यायचंच नाही. मालगाडीचा डबा यायचा. इंग्रजी वॅगनची मराठीत वाघीण झाली, आणि ती आमच्याकडे इतकी रुळली की शाळेत वाघ-वाघीण असं लिंग बदलताना मला खरोखर स्टेशन आठवायचं.

या छंदाची सुरुवात पुण्यात झाली. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ सालापासून. मुलं लहान असताना त्यांना दाखवायला नेलं होतं. मुलं गाड्यांकडे बघत होती, मी फलाटावरच्या माणसांकडे. कोट घातलेले, टोपी घातलेले, हातात बॅग धरलेले इवले इवले प्रवासी. परत येताना गाडीत एकच विचार होता, की यांच्या शेजारी आबा उभे राहिले तर कसे दिसतील? मग नोकरी, मुलांच्या परीक्षा, आईचं आजारपण यात बरीच वर्षं गेली. ब्रश हातात आला तो निवृत्तीच्या आधी दोन वर्षं.

मी करते आहे तो प्रसंग १९७८ च्या आसपासचा. सावदा स्टेशनाची मालाची बाजू, दोन चारचाकी बंद वाघिणी, आठ हमाल, एक मुकादम आणि केळीचा ढीग. बस्स. गाडी धावत नाही, गोल फिरत नाही. फूटभर रूळ आहे आणि त्यावर काम चालू आहे.

रुळाचा एक खुलासा आधीच करते, कारण जाणकार लगेच पट्टी लावतात. एचओचा बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा असतो. युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, तो बरोबर बसतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं तर सव्वाएकोणीसच्या वर जातो. म्हणजे तयार रुळावर आपली वाघीण उभी केली की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. माझी गाडी एकाच जागी उभी राहणार असल्यामुळे मी लाकडी पट्ट्यांच्या स्लीपरवर रूळ हातानं चिकटवले, पूर्ण रुंदीचे. दोन रविवार गेले, पण वाघीण आता आपल्या मातीतली वाटते.

वाघिणींचे सांगाडे भाच्यानं थ्री-डी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापून दिले. छापलेल्या वस्तूवर बारीक थरांच्या रेघा राहतात. त्या आठशे आणि हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं, पाणी लावून घासायच्या. पण रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचे उंचवटे, घासले जाता कामा नयेत. रिव्हेटच्या ओळींमधून घासायला मी आईस्क्रीमच्या काडीचं टोक तासून त्याला पेपर चिकटवला. एक वाघीण साफ व्हायला चार संध्याकाळी लागल्या. दार बंदच छापलं होतं, ते ब्लेडनं कोरून काढलं आणि उघडं लावलं. बंद दाराच्या वाघिणीत आठ हमाल काय करणार?

पहिली वाघीण मी बिघडवली. प्राइमर म्हणून, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरासाठी, हार्डवेअरच्या दुकानातला फवाऱ्याचा डबा आणला होता. त्याचा थर इतका जाड बसला की रिव्हेट बुडाले, दाराच्या कडेची फट बुजली. काढायला थिनर लावला तर रेझिनच चिकट झालं. ती वाघीण टाकावी लागली. दुसऱ्या वेळी ॲक्रिलिक प्राइमर पाण्यानं पातळ करून ब्रशनं तीन हात दिले, प्रत्येक हाताच्या मध्ये एक रात्र.

मूळ रंग कावेचा. आमच्याकडे अंगणाच्या कडेला काव लावायचे, तसाच तो लाल-तपकिरी. कॅम्लिनचा बर्न्ट सिएना, त्यात थोडा बर्न्ट अंबर आणि चिमूटभर पांढरा. पांढरा का, ते सांगते. सत्त्याऐंशी पट लहान वस्तू हातभरावरून पाहणं म्हणजे खरी वस्तू तीस-चाळीस मीटरवरून पाहणं. तेवढ्या अंतरावर रंग फिका दिसतो. खऱ्या वाघिणीचा रंग जसाच्या तसा लावला तर मॉडेल खेळण्यासारखं गडद दिसतं. हे मला दुसरी वाघीण अर्धी रंगवून झाल्यावर, खिडकीतून बाहेर दूरवर बघताना समजलं.

त्याच्यावर मळ. रेल्वेच्या मॉडेलात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे काम. मळ कुठेही उडवून चालत नाही. प्रत्येक मळाला जागा आहे आणि जागेला कारण. छपरावर इंजिनाची काजळी, कारण तेव्हा कोळशाची इंजिनं अजून होती. खाली चाकांच्या आसपास ब्रेकच्या लोखंडी ठोकळ्यांचा चुरा, तो गंजून विटकरी होतो. रिव्हेटखाली गंजाच्या उभ्या रेघा पावसानं उतरलेल्या. त्यांच्यासाठी तैलरंगाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवायचा आणि टर्पेंटाइननं ओलसर केलेल्या सपाट ब्रशनं वरून खाली एकदाच ओढायचा. दोनदा ओढला की रेघ जाते, नुसता डाग उरतो. काजळीसाठी कोरड्या पेस्टलच्या खडूची पूड, मऊ ब्रशनं.

दाराच्या दोन्ही बाजूंना, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, रंग घासून गुळगुळीत झालेला दाखवला आहे. ते आबांनी सांगितलं. फळीवरून आत शिरताना तोल जायला नको म्हणून मोकळा हात तिथेच टेकायचा, रोज, सगळ्यांचा. तिथे मी गंज लावला नाही. बोटानं घासून जरा चकाकी आणली.

नंबर घालताना मोठी चूक झाली. मी हौसेनं अकरा आकडी नंबर घातला. पहिले दोन आकडे वाघिणीच्या प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार क्रमाचे आणि शेवटचा पडताळ्याचा, जो आधीच्या दहांवरून हिशेबानं निघतो. तो हिशेबही मी कागदावर करून बरोबर आणला. सगळं लिहून झाल्यावर लक्षात आलं, की ही पद्धत खूप नंतरची. १९७८ च्या वाघिणीवर ती असूच शकत नाही. ओल्या इअरबडनं एकेक आकडा पुसला आणि जुन्या पद्धतीनं 'सी आर', म्हणजे सेंट्रल रेल्वे, आणि साधा नंबर लिहिला. पांढरी अक्षरं साध्या प्रिंटरवर छापता येत नाहीत, पांढरी शाईच नसते. म्हणून हातानंच लिहिली. अक्षर थोडं वरखाली झालं आहे ते तसंच ठेवलं. कारखान्यात पेंटरही हातानंच लिहायचा. त्याखाली खडूची एक फुली आणि दोन आकडे, यार्डातली माणसं लिहून ठेवतात तसे.

जुलैत मॅट वार्निश मारलं आणि सगळ्या वाघिणीवर पांढुरका धुरळा उतरला. डोंबिवलीचा पावसाळा, हवा ओली, वार्निश वाळताना ती ओल धरतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दोन दिवसांनी धीर करून चकचकीत वार्निशचा पातळ हात दिला, आणि पांढुरकेपणा डोळ्यांसमोर विरत गेला. मॅटचा शेवटचा हात मग नोव्हेंबरात, कोरड्या दुपारी दिला. कुणाला पावसाळ्यात घाई झालीच असेल तर थांबा, एवढंच सांगेन.

आता माणसं. जर्मनीच्या प्रायझर कंपनीची न रंगवलेली माणसं मिळतात, एका खोक्यात शंभराहून जास्त. घडण इतकी सुरेख की कोटाची बटणं दिसतात. पण सगळे तिकडचे: कोट, फेल्ट हॅट, हातात सूटकेस. त्यांना सावद्याला आणायचं म्हणजे आधी ब्लेड चालवायचं. हॅटची कड चारी बाजूंनी कापली आणि वरचा भाग दोन्हीकडून तासला की गांधी टोपी होते. सूटकेस मनगटाशी छाटायची. कोटाचा खालचा घेर कापून एम-सीलचा पापुद्रा गुंडाळला की धोतर. त्याच्या निऱ्या सुईनं ओढायच्या, एम-सील घट्ट होण्याआधी, म्हणजे हातात साधारण वीस मिनिटं असतात. ज्याचा हात वर केलेला असेल, टॅक्सीला हाक मारणारा वगैरे, तो हमालाला सोन्यासारखा. त्याच्या खांद्यावर घड ठेवायला जागा आयती मिळते. खांद्यावर गोणपाटाची घडी, डोक्यावरून ओझं नेणाऱ्याला चुंबळ. चुंबळ केली शिवणाच्या दोऱ्याची, पिळून, फेविकॉलात बुडवून.

रंगवताना माणूस टूथपिकवर चिकटवायचा आणि टूथपिक हातात धरायची. ब्रश शून्य-शून्य-शून्य नंबरचाच हवा असं नाही. त्यात रंग इतका थोडा मावतो की टोकाला जाईपर्यंत वाळतो. एक नंबरचा, पण टोक अणकुचीदार असलेला ब्रश बरा. या आकारात वस्तूची स्वतःची सावली पुरेशी पडत नाही, ती आपणच रंगवायची: चुण्यांत गडद, खांद्यावर आणि टोपीवर फिकं. डोळे काढायचे नाहीत. भुवईखाली नुसती गडद छटा दिली की माणूस बघतो आहे असं वाटतं, आणि बुबुळं काढली तर दचकल्यासारखा दिसतो. बाटलीतला तयार 'त्वचेचा रंग' गुलाबी असतो. मी यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अंबर मिसळते, आणि आठ हमालांचे आठ वेगळे वर्ण केले आहेत. धोतराला निव्वळ पांढरा लावला नाही. नदीच्या पाण्यात धुतलेलं धोतर मातकट पांढरं असतं.

केळीचे घड कशाचे करावे यावर महिना गेला. तीळ जाड, जिरं लांब. शेवटी स्वयंपाकघरात ओवा हातात आला. दाणा दोन मिलिमीटरच्या आसपास, सत्त्याऐंशीनं गुणला तर सतरा सेंटिमीटरच्या वर. बसराई केळ्याला चालून जातं, आणि ओव्याच्या अंगावरच्या शिरा केळ्याच्या धारांसारख्या दिसतात. टेलिफोनच्या वायरची तांब्याची तार पिळून दांडा केला आणि त्यावर चिमट्यानं एकेक दाणा, फण्या-फण्यांनी, वर वळलेला. एका घडाला सत्तर-ऐंशी दाणे. असे एकतीस घड झाले आहेत. वाघिणीच्या तळाला वाळलेल्या पानांचा थर हवा होता, तो कांद्याच्या सालींच्या बारीक पट्ट्यांचा केला.

फोटो पाहून भाचीनं विचारलं, केळी पिवळी का नाहीत? आबांना ते इतकं लागलं की त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "पिवळी केळी वाघिणीत म्हणजे व्यापारी मेला. हिरवीच भरायची. पिकायची ती दिल्लीला."

चिकाचा डाग मी शेवटी तीन थरांत काढला. आधी पातळ अंबर, खांद्यावरून पाठीच्या मधल्या चुणीत ओघळलेला. मग त्याच ओघळाच्या आत काळपट. मग शेजारी जुने, धुऊन फिके झालेले डाग, कारण चीक धुण्यानं जात नाही. आई आबांचे सदरे दगडावर आपटून, राख लावून, उन्हात टाकून पाहायची. डाग जायचा नाही, सदरा जायचा. दिवाळीच्या नव्या सदऱ्यावर पाडव्यालाच डाग पडला तेव्हा ती काही बोलली नव्हती. तो सदरा तिनं उलटा वाळत घातला होता, डाग रस्त्यावरून दिसू नये म्हणून.

आठ जण उभे राहिले तेव्हा आबांनी भिंगातून एकेकाला नाव दिलं. एकाचा पाय चुकला म्हणाले. फळी चढताना डावा पाय आधी टाकायचा, कारण घड उजव्या खांद्यावर. मी पाय गुडघ्यात कापून पुन्हा बसवला. सांध्याची फट एम-सीलनं भरली आणि धोतर परत रंगवलं. मग त्यांनी विचारलं, "अन् तू कुठे आहे यात?"

मी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचे. आठ वर्षांची, म्हणजे चौदा मिलिमीटर. खोक्यात एक मुलगी होती, हातात फुगा धरलेली. फुगा छाटला आणि त्या मुठीत तारेचं कडं बसवलं, कड्याला डबा. फ्रॉक आबांच्या मते लाल होता, माझ्या मते निळा. तूर्त नुसता प्राइमर दिला आहे आणि ती टूथपिकवर वाळते आहे.