अर्धं कोर्ट

मी आयोवात फिजिओ आहे, इकडे फिजिकल थेरपिस्ट म्हणतात, सीडर रॅपिड्सजवळच्या एका नर्सिंग होममध्ये. मूळची सांगलीची. एक रविवार सोडून एक रविवार ड्युटी असते आणि ३ मार्च २०२४ चा रविवार माझ्या वाट्याला आला होता. आयोवातल्या माणसाला ही तारीख समजावून सांगायची गरज नाही. दुपारी १२ ला आयोवा विरुद्ध ओहायो स्टेट, दोन युनिव्हर्सिटींच्या मुलींची बास्केटबॉल मॅच, आयोवाच्या केटलिन क्लार्कची घरच्या कोर्टवरची रेग्युलर सीझनची शेवटची, आणि पीट मॅराविचचा कॉलेज बास्केटबॉलमधला, पुरुषांसकट सगळ्यात जास्त, ३,६६७ पॉइंटचा रेकॉर्ड मोडायला तिला १८ पॉइंट हवे होते. आमच्याकडे सकाळी नाश्त्यापासून दुसरा विषयच नव्हता.

पण मला सांगायचंय ते एका पेशंटबद्दल (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, नाव तर देणारच नाहीये, नुसतं आजी म्हणते). वय ८४, पार्किन्सन, घरी पडल्या, हॉस्पिटल झालं आणि मग चालणं परत बसवायला आमच्याकडे आल्या. शेतावर आयुष्य काढलेली बाई, हात अजून लाकडासारखे घट्ट, बोलणं कमी, स्मरणशक्ती सकाळी चांगली आणि दुपारनंतर जरा इकडेतिकडे.

पार्किन्सनमध्ये चालता चालता पाय एकदम जमिनीला चिकटल्यासारखे होतात, त्याला फ्रीझिंग म्हणतात. दाराचा उंबरा, वळण, फरशीचा रंग बदलतो ती जागा, असल्या ठिकाणी हे हमखास होतं. आणि अशा पेशंटसमोर जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या की तोच पेशंट एकेक पट्टी ओलांडत चालायला लागतो, कारण आपोआप चालायचा मेंदूतला रस्ता बिघडलेला असतो पण डोळ्यांनी बघून पाऊल टाकायचा रस्ता बराच शाबूत असतो. कॉलेजमध्ये वाचलं होतं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, पहिल्यांदा पेशंटवर बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आजींना थेरपी रूममधल्या छोट्या पट्ट्यांवर छान जमायचं. अडायचं ते डे रूमच्या (सगळ्यांनी एकत्र बसायच्या हॉलच्या) तोंडाशी, जिथे कार्पेट संपून फरशी सुरू होते तिथे. तिथे हे व्हायचंच, म्हणून मी एक जाड केशरी टेप पॅसेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी मारली, की त्यांना नीट दिसावी आणि ओलांडायला सोपं जावं. झालं उलटंच. आधी निदान थांबत थांबत जायच्या, टेप मारल्यावर एकदम बंद. नऊ दिवस मी नोट्समध्ये फ्रीझिंग, फ्रीझिंग लिहीत होते आणि रोज व्हीलचेअरने पुढचे चार फूट नेत होते.

तर रविवारी. डे रूममध्ये एक व्हाइटबोर्ड आहे ज्यावर वार, तारीख, हवामान आणि जेवणाचा मेनू लिहिलेला असतो. त्या दिवशी मेनू पुसून आमच्या २२ वर्षांच्या केअर असिस्टंट पोराने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, बिग टेन, महिला, आजवरच्या सर्वात भारी पाच. (बिग टेन म्हणजे आयोवा, ओहायो स्टेट, परड्यू वगैरे युनिव्हर्सिटींची लीग.) आणि खाली १ समोर क्लार्क. त्याच्या मते वाद संपलेला.

पण वाद तिथूनच सुरू झाला. आमच्याकडे एक आजोबा आहेत, जन्म इंडियानाचा, हाडाचे परड्यूवाले, म्हणजे तिथल्या परड्यू युनिव्हर्सिटीचे फॅन. ते म्हणाले, "रिंग, चॅम्पियनची अंगठी, कुठाय? १९९९ साली स्टेफनी व्हाइटच्या परड्यूने ड्यूकला ६२-४५ ने हरवून नॅशनल टायटल आणलं. बिग टेनच्या दुसऱ्या कुठल्या मुलींच्या टीमने आणलंय ते सांगा." कुणी सांगू शकलं नाही, कारण तोपर्यंत तसं दुसरं नव्हतंच. क्लार्कची आयोवा आदल्या वर्षी, २०२३ ला, फायनलपर्यंत गेली, तिथे एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने) १०२-८५ ने हरवलं.

मग ओहायोतल्या कोलंबसच्या, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावच्या, एक रिटायर्ड नर्स आहेत, त्यांनी चार बोटं वर केली. "आमच्या ओहायो स्टेटची जँटेल लॅव्हेंडर. २००८ ते २०११, चारही वर्षं बिग टेनची प्लेअर ऑफ द इयर. पुरुषांमध्ये पण कुणाला जमलं नाही." आणि त्यांनी केल्सी मिचेलचं नाव पण लिहायला लावलं, ओहायो स्टेटचीच, ३,४०२ पॉइंट, बिग टेनचा रेकॉर्ड तिच्याच नावावर होता, त्याच जानेवारीच्या शेवटी क्लार्कने मागे टाकेपर्यंत. कुणीतरी मेगन गुस्टाफसन म्हणालं, कारण आयोवाची आणि २०१९ ची नॅशनल प्लेअर ऑफ द इयर, मग तिलाही घेतलं. पाच नावं झाली पण क्रमावर एकमत होईना, पोरगं सारखं पुसतंय, लिहितंय.

मी तेवढ्यात आजींना आणायला गेले. कमरेला गेट बेल्ट (पेशंटला धरायचा पट्टा), पुढे वॉकर, मी मागे एका बाजूला. पॅसेजमधनं आल्या बऱ्या, आणि केशरी टेपपाशी थांबल्या. नेहमीसारख्या. फक्त त्या दिवशी मला घाई नव्हती आणि आतून टीव्हीचा आवाज येत होता, त्यामुळे मी "मोठं पाऊल, मोठं पाऊल" न म्हणता नुसती बघत राहिले.

आणि दिसलं की हे फ्रीझिंग नाहीये. फ्रीझिंगमध्ये गुडघे थरथरतात, टाचा उचलतात, वरचं शरीर पुढे जातं आणि पाय मागे राहतात, पेशंट घाबरलेला असतो. इथे तसलं काहीच नव्हतं. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यांवर, डावा हात वॉकरवरून थोडा उचललेला, पंजा उघडा. बूटांची टोकं टेपच्या बरोबर दोन बोटं अलीकडे. आणि नजर जमिनीवर नाही, समोर. मी शाळेत पाच वर्षं कबड्डी खेळलेय, कुणीतरी अंगावर येणारे म्हणून तयारीत उभं राहणं काय असतं ते मला कळतं, नऊ दिवस माझ्या नाकासमोर होतं आणि मी पायांकडेच बघत होते.

मी विचारलं, "आजी, पुढे का नाही जात?"

त्या म्हणाल्या, "मी गार्ड आहे, हनी."

मला काही कळेना. आतल्या कोलंबसच्या नर्सबाईंना पण नाही, पण आयोवाच्या ज्या दोघीतिघी बसल्या होत्या त्यांच्या लगेच लक्षात आलं. एकीने तिथूनच सांगितलं की सिक्स ऑन सिक्स.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आयोवात शाळकरी मुलींचं बास्केटबॉल वेगळंच होतं, अगदी १९९३ पर्यंत. सहा जणींची टीम, तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. बॉल हातात आला की जास्तीत जास्त दोन ड्रिबल. शूट करायचं ते फक्त फॉरवर्डनी. मुलींना अख्ख्या कोर्टवर पळणं झेपणार नाही अशा समजुतीतून निघालेला नियम, पण लोकप्रियता एवढी की डे मॉइनच्या व्हेटरन्स ऑडिटोरियममध्ये राज्य स्पर्धेला हजारोंनी माणसं यायची, गावंच्या गावं रिकामी व्हायची. फॉरवर्ड मुली स्टार. डेनिस लाँगचे शाळेतले सहा हजारांवर पॉइंट, १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने तिला चक्क पुरुषांच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडलं होतं.

आणि गार्ड? गार्डने बास्केटकडे बॉल फेकायचाच नाही, म्हणजे तिचे पॉइंट शून्य. आजी १९५० च्या दशकात चार वर्षं खेळल्या. चार वर्षांत एक पॉइंट नाही. पेपरमध्ये नावासमोर फक्त फाउल छापून यायचे. "रेषेला पाय लागला की शिट्टी," त्या म्हणाल्या, "माझा कधी लागला नाही."

मी केअर असिस्टंटला बेल्ट धरायला सांगितला, खाली गुडघ्यावर बसले आणि टेप एका टोकापासून उपटत गेले, नऊ दिवसांत चांगलीच चिकटली होती, कार्पेटचे धागे घेऊन निघाली. गोळा करून खिशात टाकली. आजींनी खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि वॉकर पुढे सरकवला. फरशीच्या कडेवर पाय थोडे अडखळले, ते मात्र खरंखुरं फ्रीझिंग होतं, थरथरीसकट, मी आकडे मोजले आणि चौथ्या आकड्याला पाऊल पडलं. आत आल्या. स्वतःच्या पायांनी, टेप लावल्यापासून पहिल्यांदाच.

मला हे ठामपणे सांगता येणार नाही की पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीचा नियम पायांत बसला होता म्हणूनच त्या थांबत होत्या. मेंदूचं असं सरळ नसतं. पण सोमवारी मी त्याच जागी पाऊलभर अंतराने छोट्या छोट्या निळ्या पट्ट्या लावल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत नाही, शिडीसारख्या, आणि त्यांच्यावरून त्या गेल्या. नोट्समध्ये पण मी दुरुस्ती लिहिली.

मॅच सुरू झाली होती. आजींना बोर्डवरची नावं वाचून दाखवली आणि परड्यूवाल्या आजोबांनी मुद्दाम विचारलं, तुमचं मत काय. सगळ्यांना वाटलं त्या आयोवाच्या, क्लार्क म्हणतील आणि विषय संपेल. त्या म्हणाल्या, "पॉइंट मला सांगू नका. पॉइंट कोण करतं ते कुणाला कुठे उभं केलंय त्यावर असतं." थोडा वेळ गप्प. मग, "ती पास कुठून देते ते बघा. तिला अख्खं कोर्ट दिसतं. आम्हाला अर्धंच होतं."

मी त्यानंतर मॅच वेगळ्याच नजरेने बघितली. आपण सगळे तिच्या लांबच्या थ्रीबद्दल बोलतो, १५ फेब्रुवारीला मिशिगनविरुद्ध केल्सी प्लमचा कॉलेजच्या मुलींमधला ३,५२७ चा रेकॉर्ड मोडला तो पण कोर्टच्या मध्यावरच्या लोगोजवळून मारलेल्या थ्रीने, त्या दिवशी एकूण ४९ केले. पण बॉल हातात यायच्या आधी ती मान वळवून लांबच्या टोकाला कोण पळतंय ते बघून घेते आणि बॉल आला की तिथे जाऊन पडतो, ते मी इतके दिवस नीट बघितलंच नव्हतं. असिस्टचा, म्हणजे ज्या पासवर दुसरी पॉइंट करते त्यांचा, बिग टेन रेकॉर्ड आधी ओहायो स्टेटच्या समँथा प्राहालिसचा होता, ९०१. क्लार्क हजाराच्या पुढे गेलीय. तीन हजारांवर पॉइंट आणि वर हजारावर असिस्ट. लॅव्हेंडर ग्रेटच, २,८१८ पॉइंट आणि ती चार वर्षांची सलगता, पण ती सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी, तिच्यापर्यंत बॉल दुसऱ्या कुणीतरी आणून द्यायचा. व्हाइटची रिंग मी कमी लेखत नाही, पण रिंग अख्ख्या टीमची असते आणि क्रम आपण एकीचा लावतोय. म्हणून माझ्या मते १ क्लार्क, २ लॅव्हेंडर, ३ व्हाइट, ४ मिचेल, ५ गुस्टाफसन, आणि हे मी त्या वर्षी आयोवा टायटल जिंको न जिंको, तेव्हाच ठरवलं होतं.

रेकॉर्ड हाफटाइमच्या तोंडावर झाला. घड्याळात सेकंदाचा अंश शिल्लक, ओहायो स्टेटला टेक्निकल फाउल लागला आणि क्लार्क फ्री थ्रो लाइनवर. कोणी अंगावर नाही, सगळे शांत उभे, आणि तिने आरामात टाकले. डे रूममध्ये टाळ्या. आजोबांनी पण वाजवल्या, पण लगेच म्हणाले की मॅराविचने हे तीनच सीझनमध्ये, ८३ मॅचमध्ये केलं होतं आणि तेव्हा थ्री पॉइंट लाइनच नव्हती. बरोबर आहे त्यांचं, सरासरी ४४.२ होती, गंमत नाही.

टीव्हीवर लिनेट वुडर्डबद्दल पण सांगत होते, ती त्या दिवशी स्वतः तिथे आली होती. कॅन्ससची, १९८१ पर्यंत ३,६४९ पॉइंट, आणि ते एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या पुस्तकात नाहीत कारण तेव्हा एनसीएए बायकांच्या स्पर्धा घेतच नव्हती, दुसरी संस्था घ्यायची. तो आकडा क्लार्कने चार दिवस आधी मिनेसोटात पार केला होता. हे मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिचे होते, फक्त लिहिले नाहीत." आणि परत मॅचकडे बघायला लागल्या.

आयोवाने ९३-८३ ने जिंकली. क्लार्कचे ३५, एकूण ३,६८५. जानेवारीत कोलंबसला ओव्हरटाइममध्ये १००-९२ ने हरलो होतो, त्याचा हिशोब झाला, नर्सबाईंनी हसून हात मिळवला. बोर्डवर पहिलं नाव क्लार्कचंच राहिलं, दुसरं लॅव्हेंडर, तिसऱ्यावर आजोबांनी व्हाइट लिहून त्याच्यापुढे कंसात १९९९ लिहिलं, ते कुणी पुसलं नाही. संध्याकाळी निघताना बघितलं तर अगदी खाली, मेनूच्या जागी, पोराने आजींचं नाव लिहिलं होतं आणि पुढे फक्त गार्ड.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी, ८ मार्चला, बिग टेन टूर्नामेंटची आयोवाची पहिली मॅच होती. आजींनी नर्सला बजावून ठेवलं होतं की व्हीलचेअर आणायची नाही, आणि मला सांगितलं होतं की चालायला वेळ लागतो, तू मॅचच्या वीस मिनिटं आधी ये.