सॉसेज रोल ते वोर्स्टनब्रोत्ये: आठव्या खेपेपर्यंतची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की रोल वरून सोनेरी होतात पण तळ ओला राहतो. तो प्रश्न सुटला. आणि सुटता सुटता मी पफ पेस्ट्री सोडून पावाच्या पिठाकडे वळले, त्याची ही हकीकत.

नव्याने येणाऱ्यांसाठी: इंग्लंडातला सॉसेज रोल म्हणजे मसाला लावलेला डुकराचा कच्चा खिमा पफ पेस्ट्रीत गुंडाळून भाजायचा. पफ पेस्ट्री म्हणजे आपली खारी. चिरोट्यांना आपण साटा लावतो, इथे गार लोण्याची चौकोनी वडी पिठाच्या पारीत बंद करून लाटायची आणि तिघडी घालायची. सहा वेळा तिघडी घातली की लोण्याचे ७२९ पदर होतात. मी चारच वेळा घालते. ८१ पदर या कामाला भरपूर आहेत आणि ते जास्त मोकळे सुटतात.

आता तळ. पदर फुगतात ते लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होऊन. खालच्या पदरांवर खिम्याचं वजन असतं, त्यात खिम्याला सुटलेला रस तिथेच मुरतो, मग वाफेला जागाच राहत नाही. म्हणजे दुरुस्ती खिम्यात करायची, पेस्ट्रीत नाही. हे कळायला मला तीन खेपा लागल्या. ५०० ग्रॅम खिम्याला ८ ग्रॅम मीठ घालते आणि खिमा फ्रिजमधून काढल्या काढल्या, गार असतानाच, चांगला तिंबते. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटी होतात, चिकट होतात आणि पाणी धरून ठेवतात. खूण अशी की गोळा तळव्यावर थापून हात उपडा केला तरी पडत नाही. त्यात ५० ग्रॅम पावाचा चुरा. आणि रिकामा जाड ट्रे ओव्हनमध्ये २१० अंशांना आधीच तापत ठेवायचा, रोल कागदासकट त्यावर सरकवायचे. पाचव्या खेपेला रोल उलटा करून सुरीच्या मुठीने टकटक केली तर खारीसारखा कोरडा आवाज आला. त्या आवाजासाठी दोन महिने घातले होते.

आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहतो. त्यातले चार रोल शेजारच्या आजींना नेऊन दिले. त्यांनी आवडीने खाल्ले, मग म्हणाल्या, "छान झालेत, पण हे आमच्या ब्राबांतचे नव्हेत." पफ पेस्ट्रीतला रोल हॉलंडमध्येही आहेच, त्याला सोसाइझेब्रोत्ये म्हणतात. पण ब्राबांत प्रांताचा जो वोर्स्टनब्रोत्ये, तो पावाच्या पिठातला. नाताळच्या आदल्या रात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, घरी आलं की तो गरम करून खायचा, ही इथली रीत. २०१६ साली नेदरलँड्सच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. आजींनी माझ्या ओट्याशी उभं राहून एकच गोष्ट हाताने दाखवली: जोड नेहमी खाली, आणि दोन्ही टोकं आत दुमडून बंद. करंजी फुटू नये म्हणून आपण कडा दाबतो तितक्याच निगुतीने.

सहावी खेप: ५०० ग्रॅम मैदा, २७० मिली कोमट दूध, ६० ग्रॅम लोणी, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, ९ ग्रॅम मीठ. ५० ग्रॅमची लाटी, ५० ग्रॅम खिमा. दिसायला सुरेख, पण कापल्यावर आत खिमा एका बाजूला पडलेला आणि वर बोट जाईल एवढी पोकळी. पाव फुगतो, मांस आकसतं, मधे भगदाड. सातव्या खेपेला कोरड्या चुऱ्याऐवजी दुधात भिजवलेला पाव आणि एक अंडं खिम्यात घातलं, आणि गुंडाळल्यानंतर पीठ तासभर न ठेवता २५ मिनिटंच फुगू दिलं. पोकळी जवळजवळ गेली. २०० अंशांना १६ मिनिटं. खिम्याच्या मध्यात थर्मामीटर ७४ दाखवत होता, आणि पाव मऊच. जास्त भाजला तर त्याचा नुसता कडक ब्रेड होतो, म्हणून तापमान चढं आणि वेळ कमी.

मसाला फक्त मिरी आणि जायफळ. जायफळ श्रीखंडात आणि पुरणात घालणाऱ्या माझ्या हाताला ते खिम्यात किसणं पहिल्यांदा जड गेलं. अर्धा चमचा किसल्यावर मात्र सगळा ओटा दिवाळीसारखा दरवळला. कमी करू नका, त्याशिवाय या पदार्थाला चव नाही.

शेजारी बेल्जियममध्ये, अँटवर्पला, जानेवारीतल्या 'हरवलेल्या सोमवारी' असेच रोल खातात, सोबत सफरचंद भरलेले गोळे. टेक्सासात चेक लोकांच्या वंशजांनी आपल्या गोडसर पिठात सॉसेज गुंडाळून क्लोबास्नेक केला. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची पेस्टी, म्हणजे मांस भरून भाजलेली मोठी करंजीच, मी अजून केलेली नाही. तिला २०११ पासून युरोपात नावाचं संरक्षण आहे: सारण कच्चंच भरायचं, बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद, आणि मुरड कडेला घालायची. मुरड घालणारे हात आपल्याकडे घरोघरी आहेत, तेव्हा कुणी आधी केली तर जरूर लिहा.

भारतात करणाऱ्यांसाठी: चिकन घ्यायचं तर मांडीचंच, आणि ५०० ग्रॅमला ४० ग्रॅम गार लोणी किसून मिसळा. छातीचा खिमा भुसा होतो, मी करून पाहिलाय.

आठवी खेप कालची. गोव्याच्या चोरीसपावाची (चोरीस म्हणजे तिथलं वाळवलेलं मसालेदार सॉसेज) आठवण येऊन डुकराचं मांस काश्मिरी मिरची, लसूण आणि व्हिनेगरमध्ये दोन दिवस मुरवलं. वाळवलेलं नाही, म्हणून त्याला चोरीस म्हणणार नाही. पण पफ पेस्ट्रीत जी चरबी मला नको होती, ती इथे पावाने पूर्ण पिऊन घेतली. कापल्यावर आतला पाव खिम्यापासून दोन बोटं केशरी. व्हिनेगरमुळे खिमा मात्र भुसभुशीत झाला, चिकटपणा आलाच नाही. पुढच्या वेळी आधी मिठात तिंबून मग व्हिनेगर, तेही निम्मं.