गोठ्यातली रेंज आणि 'निराकरण झालेल्या' तक्रारी

आमच्या शिरूरकडच्या वस्तीवर बिबट्या अंगणापर्यंत येतो. एक कालवड गेली तेव्हा गोठ्याला चारी बाजूंनी पत्रा मारला, झरोक्यांना बारीक जाळी. बिबट्याचं काम झालं, पण गोठ्यातली रेंजही गेली.

२०२४ ला दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं, तेव्हा गाईंची भारत पशुधन या सरकारी ॲपवर नोंद लागत होती. डॉक्टर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर वाचणार, ओटीपी माझ्या मोबाईलवर, आणि मी मोबाईल वर धरून बांधावर पळतोय. परत येईतो डॉक्टर म्हणायचे, "संपला वेळ. पुन्हा टाकू का?"

मोबाईल कंपनीकडे तक्रार केली. दोन दिवसांनी मेसेज : आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. कोणी आलं नाही, कोणी विचारलं नाही. परत फोन, परत ९ दाबा, परत तीच गाणी. मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या भागात नेटवर्क उत्तम आहे." अगं बाई, भागात आहे, गोठ्यात नाही! पुन्हा निराकरण.

तिसऱ्या वेळी एक पोरगा आला. कडुनिंबाखाली मोटारसायकलवर बसूनच मोबाईल काढला, सिग्नलच्या आकड्याचा फोटो घेतला. म्हटलं, आत चल. त्याने दारातून शेणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडे. "काका, आम्हाला आवारातच चेक करायला सांगितलंय." चहा पिऊन गेला. तो फाट्यावर पोचायच्या आत निराकरणाचा मेसेज. मी तेव्हा बांधावर होतो म्हणून लगेच मिळाला, एवढंच.

त्या रागात मी स्वतः आकडे काढले. अँड्रॉइडमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथे सिग्नल उणे आकड्यात दिसतो. शून्याच्या जितका जवळ तितका बरा. झाडाखाली उणे ८४, आत वैरणीपाशी उणे ११८. कांड्यांवर विश्वास ठेवू नका, हा आकडा लिहून ठेवा.

पुण्यात तपकीर गल्लीत एका दुकानदाराने मोबाईलचा बूस्टर दाखवला, बिल नाही म्हणाला. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आजूबाजूच्यांची रेंजही बिघडते. नाही घेतला. त्याऐवजी घरच्या वायफायसाठी एक्स्टेंडर घेतला आणि गोठ्यात लावला. हा माझा गाढवपणा. पत्र्याच्या आत घरचं वायफाय पोचतच नव्हतं, तो बिचारा वाढवणार काय? लाल दिवा लुकलुकत बसला.

दिवाळीला भाचा आला. म्हणाला, "मामा, लहरी पत्र्यावरून माघारी जातात. पत्र्यातून वायरच न्यावी लागेल." अर्ध्या दिवसात काम झालं. घरच्या राउटरपासून गोठा ६० मीटर, तेवढी बाहेरची कॅट-६ केबल (१०० मीटरच्या पुढे तांब्याची नेटवर्क केबल नेऊ नका), आत तुळईला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने देणारा डबा. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं, म्हणजे कॉल-मेसेज टॉवरऐवजी वायफायवरून येतात. आता गव्हाणीपाशी उभा राहून ओटीपी सांगतो. पहिला आला तेव्हा डॉक्टरांना दोनदा वाचून दाखवला.

केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा, अ‍ॅल्युमिनियमवर मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती नको. पीव्हीसी पाइपातून पुरा, नाहीतर घुशी आहेतच. भोकाच्या बाहेर केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरूनच गळतं, केबलवरून आत येत नाही. वळवाचं आभाळ भरून आलं की कडकडाट सुरू व्हायच्या आधीच दोन्ही टोकं काढून ठेवायची. आणि गोठा अजून बांधायचाच असेल, तर टॉवरच्या बाजूला दोन पत्रे फायबरचे घाला. त्यातून लहरी जातात, उजेडही येतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही.

एक राहिलंच. लाइट गेली की राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट दोन्ही झोपतात. राउटरला छोटा यूपीएस लावलाय, गोठ्यातल्याला अजून घ्यायचाय. तोवर लाइट गेलेली असताना डॉक्टर आले, की बांध आहेच.