काकाजी नाही म्हणाले

काकाजींनी, म्हणजे आमच्या जुन्या जीपच्या मेकॅनिकने, आज चक्क नाही म्हटलं. तेही मान वर न करता. नोझल डिझेलच्या डब्यात बुडवून ब्रशने घासत बसले होते. मी वही उघडली, जीपमध्ये जुन्याच्या जागी बसवायच्या महिंद्राच्या डीआय डिझेल इंजिनाचं पान काढलं, बोलायला लागलो तर म्हणाले, "मी नाही काढत हे इंजिन. दुसरा पाहून घे."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? नाही काढत."

बस. मग चहा आला, पाणी कधी पडेल यावर बोलणं झालं, त्यांनी दोनदा बिडी विझवून पुन्हा पेटवली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. राग आला तो सीताबर्डीच्या सिग्नलला, लाल दिव्यात उभं असताना. आणि आता रात्रीचे अकरा वाजले तरी तोच घोळ डोक्यात चालू आहे. नाही म्हणायला हरकत नाही. पण कारण तरी द्यायचं ना माणसाने!

हिवाळ्यापासून ही वही भरून राहिलो. आपल्या महिंद्रा एमएम ५४० जीपमधलं जुनं एक्सडीपी ४.९० इंजिन आता दमलं आहे, हे त्यांनीच सांगितलं होतं. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, म्हणून ४.९०, हेही त्यांनीच शिकवलेलं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं की चुलीसारखा धूर येतो. एकदा बोअर वाढवून झालाय, आता स्लीव टाकायची, क्रँक ग्राइंड करायचा, पंप-नोझल नवं करायचं, आणि इतकं करून हाती काय? तेच २११२ सीसी, थंडीत हीटर तापेपर्यंत वाट पाहायची, आणि वायसर जरी गेला तरी चार दुकानं फिरायची.

डीआयचं तसं नाही. मार्शल, कमांडर, पिकअप, सगळ्यांत तेच बसलेलं, त्यामुळे सामान कुठेही मिळतं. २५२३ सीसी. बोअर ८८.९, म्हणजे आपल्यापेक्षा उलट जरा कमीच, पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ८३ वरून थेट १०१.६. सगळी गंमत त्या लांब स्ट्रोकमध्ये आहे. उमरेडच्या शेताच्या रस्त्यावर जुलैत काळी माती चाकाला चिकटते तेव्हा आरपीएम लागत नाही, खालचा जोर लागतो. लो गिअर टाकायचा, रेस न देता गाडीने आपोआप चालत राहायचं. डीआय एक्सडीपीइतकं वर फिरत नाही, त्याच डिफरन्शियलवर हायवेला गाडी लवकर रडेल, मान्य. मला कुठे समृद्धीवर पळवायची आहे?

दादाने कॉन्टेसा कारचं इसुझू इंजिन सुचवलं होतं. गुळगुळीत चालतं, पाच गिअरचा बॉक्स सोबतच येतो. मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण आरसी पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, म्हणजे गाडी आरटीओत न्यावीच लागते. इंजिन बदलायचं तर परवानगी आधी घ्यायची. त्यातही २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेर जाणं अवघड झालंय. परक्या कंपनीचं इंजिन घेऊन खिडकीवर उभं राहायची माझी छाती नाही. डीआय निदान महिंद्राचं तरी आहे. सोपं नाही तेही. अर्ज लिहून ठेवलाय, परवानगी येईपर्यंत जुन्या इंजिनाचा एक बोल्ट हलवायचा नाही, हेही वहीत लाल पेनाने लिहिलंय.

म्हणजे मी घाई कुठेच केली नव्हती. मग नाही का?

कंबर दुखते म्हणावं, तर परवाच ट्रकचा गिअरबॉक्स उतरवला. पोरगा बुटीबोरीला कामाला लागला, हाताखाली माणूस नाही, ते खरं. जुन्या इंजिनाचा बोअर त्यांनीच काढून आणला होता, तेव्हा बाबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन स्टुलावर बसायचे. पण त्यांनी बाबांचं नाव काढलं नाही आणि मीही नाही.

ताई म्हणते विकून टाक, पार्किंग तरी मोकळं होईल. ही काही म्हणत नाही, ते जास्त बोचतं. स्ट्रोक म्हटल्यावर ज्याचे डोळे चमकतात असा एकच माणूस या शहरात मला माहीत होता, त्याने नोझल घासता घासता मला वाटेला लावलं. बोलावं तरी कोणाशी? समोर जळणाऱ्या या दिव्यालाही तर डीआयमधलं काही कळत नाही.

मध्येच फोन आला. इतक्या रात्री. काकाजीच.

"डीआयचं खालचं ऑइल चेंबर मोजलं का?"

मोजलं म्हटलं. ॲक्सलपासून चार बोटं जागा राहते.

"उभ्या गाडीत मोजलं असशील. स्प्रिंगचे पाटे दबल्यावर ॲक्सल वर येते बाबू. पहिल्याच खड्ड्यात चेंबर फुटन."

मी गप्प. खरंच उभ्या गाडीत मोजलं होतं. मग नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या ॲडाप्टर प्लेटवर आले. कोणत्या लेथवाल्याकडे जायचं नाही ते आधी सांगितलं, आणि जायचं कोणाकडे ते नंतर. फ्लायव्हीलचा सेंटर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा सेंटर केसभर जरी सरकला तरी पायलट बेअरिंग खलास, क्लचप्लेटचे दातेही खाते, म्हणून प्लेट आणल्यावर डायल लावून पाहायची, डोळ्याने नाही. मी वहीत लिहून घेत होतो. हे सगळं दुपारी माझ्या तोंडावर सांगायला काय झालं होतं, असं ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"पण तुम्ही तर नाही म्हणाले न काकाजी."

"इंजिन नाही काढत म्हटलं. गिअरबॉक्स उतरवत नाही असं कुठं म्हटलं?"

गिअरबॉक्स उतरला की इंजिनाला धरायला दोन माउंटिंग उरतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला हसू आलं, पण फोनवर ऐकू जाऊ दिलं नाही. माणसाचं मन मोडवत नाही, एवढ्या रात्री तर नाहीच. फक्त विचारलं, मग इंजिन उचलायची चेनकुप्पी दोन दिवस द्याल का, मी दुसऱ्याकडून काढून घेतो.

"चेनकुप्पी मी कोणाच्या हाती देत नाही," म्हणाले, आणि फोन ठेवला.