फॉर्मवरचा तीन नंबर

सांगलीतल्या एका सेंटरमध्ये हनुवटीवरच्या केसांसाठी लेझर करायला गेले होते. हातात फॉर्म दिला, त्यावर 'स्किन टाइप' या रकान्यात ३ आधीच लिहिलेला होता. त्याचा अर्थ मी विचारला नाही, सही करून टाकली.

मी सावळीही नाही, चांगली काळी आहे. त्यात तासगावला आमची द्राक्षबाग, एप्रिलची खरड छाटणी नुकतीच झालेली, चेहरा उन्हाने रापलेला. तिसऱ्या दिवशी जबड्याच्या कडेने तपकिरी चौकोन उमटले, मशीनच्या तोंडाच्या मापाचे. बोट लावलं तरी चुरचुरायचं.

त्यानंतर काउंटरवर तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा ऐकलं, "मॅडम, तुम्ही उन्हात गेला असाल." दुसऱ्यांदा, "तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे." मी फॉर्मची झेरॉक्स मागितली, तर मॅनेजर नाहीत. तिसऱ्यांदा आई सोबत आली. तिने फॉर्म हातात येईपर्यंत खुर्ची सोडली नाही. मग म्हणाली, "अहो, हा तीन कुणी लिहिला? पोरीला बघून लिहिला का?" कुणी उत्तर दिलं नाही. शेजारच्या गठ्ठ्यातल्या वरच्या दोन फॉर्मवरही तीनच होता. माझा राग अजून त्या गठ्ठ्यावरच आहे.

पुढे मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सगळं समजावलं. त्वचेचे प्रकार १ ते ६ असतात, उन्हात त्वचा भाजते की काळवंडते यावरून ठरतात. आपल्याकडची बरीच माणसं चार-पाचात बसतात. लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, तापवतो, पण तेच मेलॅनिन काळ्या त्वचेतही भरपूर असतं, म्हणून ती मधेच उष्णता शोषते आणि भाजते. तिसऱ्या प्रकाराला चालणारा जोर पाचव्याला डाग देऊ शकतो. गडद रंगाला एनडी-याग लेझर, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, जास्त सुरक्षित. तो खोल जातो आणि वरच्या त्वचेत कमी शोषला जातो. ७५५ नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइट लेझरला मात्र गडद त्वचेवर भाजण्याचा धोका जास्त. म्हणून पैसे भरण्याआधी मशीनचं नाव विचारा. "लेटेस्ट आहे" हे उत्तर नव्हे.

डाग फिके पडायला सहा महिने गेले. रोज सनस्क्रीन, तोंडाला ओढणी. मग जबड्याखाली एवढ्याशा जागेवर टेस्ट घेतली आणि दोन आठवडे थांबून बघितलं. पुढच्या सहा सिटिंग नीट झाल्या. केस विरळ झालेत, पूर्ण गेले नाहीत आणि जातील असं डॉक्टरांनी कबूलही केलं नव्हतं. पीसीओएसची, म्हणजे बायकांमधल्या हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी आधी करून घ्या. हार्मोन्सचं कारण असेल तर केस पुन्हा येत राहतात.

हो, थ्रेडिंग आणि वॅक्सिंग महिनाभर आधी बंद करायचं, मुळात केस नसेल तर लेझर धरणार कशाला? रेझर चालतो. पांढऱ्या केसांवर पैसे घालवू नका. गालावरची मऊ लव करून घेऊ नका, काहींना ती उलट दाट येते.

मिरजेच्या फॉर्मवर तो रकाना रिकामा होता. डॉक्टरांनी माझा दंड आतल्या बाजूने उजेडात धरला, हनुवटीशी ताडून पाहिला आणि मग ५ लिहिलं.