छळणारा रोज समोर येणारा असतो तेव्हा

सायबर छळाविषयी शाळा-महाविद्यालयांत जी व्याख्याने होतात, त्यांत छळ करणारा बहुधा अनोळखी गृहीत धरलेला असतो. त्यामुळे सल्लाही ठरून गेलेला आहे: अनोळखी व्यक्तीची मैत्री स्वीकारू नका, त्रास झाला तर ब्लॉक करा आणि पोलिसांत जा. सोलापुरात अकरावी-बारावीच्या वर्गांना शिकवताना माझ्यापर्यंत जी प्रकरणे येतात, त्यांत मात्र अनोळखी माणूस क्वचितच असतो. छळणारा त्याच तुकडीतला असतो, त्याच शिकवणीला येतो, पुष्कळदा त्याच गल्लीत राहतो, आणि एखाद्या वेळी तर चुलत किंवा मावस नात्यातलाही निघतो. ज्याला रात्री फोनमध्ये ब्लॉक केले, तोच सकाळी शेजारच्या बाकावर बसणार असेल, तर प्रतिकाराची रीतही निराळी असावी लागते.

आधी छळ कशाला म्हणायचे ते पाहू, कारण प्रत्येक भांडणाला छळ म्हटले की खरा छळ त्यात हरवतो. शाळकरी मुलांमधील दांडगाईचा पद्धतशीर अभ्यास सर्वप्रथम करणाऱ्यांपैकी एक, मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस, यांनी तीन खुणा सांगितल्या होत्या: हेतुपुरस्सर त्रास देणे, तो पुन्हा पुन्हा देणे, आणि दोघांच्या बळात अंतर असणे. फोनच्या जगात यांतील दुसरी आणि तिसरी खूण जरा वेगळ्या रूपात दिसते. फोटो एकदाच टाकलेला असला, तरी साठ जणांच्या ग्रुपमध्ये तो रोज कोणीतरी नव्याने पुढे करतो, म्हणजे पुनरावृत्तीचे काम इतर लोक करतात. बळ म्हणजे अंगातली ताकद नव्हे, तर आपल्या बाजूने हसणाऱ्यांची संख्या. दोन बरोबरीच्या मुलांनी एकमेकांना कडाडून शिव्या दिल्या तर ते भांडण झाले. एका मुलीच्या स्नेहसंमेलनातील फोटोवरून स्टिकर तयार करून तिने ग्रुपमध्ये काहीही लिहिले की तेच स्टिकर टाकत राहणे, हा छळ झाला.

हे स्टिकर प्रकरण मोठ्यांच्या ध्यानातच येत नाही. त्यात शिवी नसते, धमकी नसते, अश्लील काही नसते. तक्रार घेऊन आलेली मुलगी ते दाखवते आणि पाहणारे शिक्षक स्वतःच किंचित हसतात. महाविद्यालयाच्या नावाने चालणारी निनावी ‘कन्फेशन’ पाने, वर्गात सर्वांत कुरूप कोण यावर घेतलेले मतदान, एकाला वगळून बाकी सर्वांचा काढलेला नवा ग्रुप, दुसऱ्याच्या नावाने उघडलेले खाते, हे सगळे त्याच जातीचे. मस्करीची कुस्करी नेमकी कुठे होते हे करणाऱ्याला कळत नसेल असे काही पालक मानतात. माझा अनुभव असा, की करणाऱ्याला ते चांगले कळते. म्हणूनच तो शिक्षक असलेल्या ग्रुपमध्ये ते स्टिकर टाकत नाही.

आमच्या शहराच्या दोन गोष्टी या विषयात फार महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे, फोन एकट्या मुलाचा नसतो. पूर्व भागातील कितीतरी घरांत आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर असतात, आणि फोन वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असून तोच घरभर फिरतो. मुलीला आलेला घाणेरडा संदेश ती पाहण्याआधी भाऊ पाहतो, आणि ‘हा कोण?’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो. पुढची पायरी फोन काढून घेण्याची. कधीकधी ती तेवढ्यावर थांबत नाही. शिकवणी बंद होते, आणि एखाद्या घरात तर स्थळे पाहण्याची भाषा सुरू होते. ज्या मुलीला हे माहीत आहे ती घरी सांगणार नाही, आणि ती सांगणार नाही हे छळणाऱ्यालाही माहीत असते, कारण तो त्याच वस्तीत वाढलेला असतो. अनोळखी माणसाला हे गुपित कळणे शक्यच नव्हते.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्याकडे एकाच वाक्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू नांदतात, आणि मुले ते सारे रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहितात. जातीवरून, वडिलांच्या धंद्यावरून, काळ्या रंगावरून मारलेला टोमणा वर्गातील प्रत्येकाला झोंबतो, पण समाजमाध्यमाच्या स्वयंचलित तपासणीला तो निरुपद्रवी वाटतो आणि ‘आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही’ असे उत्तर येते. या उत्तराने मुले खचतात. म्हणून मी त्यांना इन्स्टाग्राममधील शब्द लपवण्याची सोय आवर्जून दाखवतो. तिथे स्वतःची यादी घालता येते. जे शब्द आपल्याला टोचतात ते देवनागरीत आणि रोमनमधील सगळ्या वेड्यावाकड्या रूपांत लिहून ठेवले, की तशा प्रतिक्रिया आणि संदेशाच्या विनंत्या डोळ्यांसमोर येतच नाहीत. यंत्राला सोलापुरी कळत नसेल, तर ती आपणच शिकवावी.

आता प्रत्यक्ष प्रतिकाराकडे येतो. पहिल्या तासाभरात उत्तर देऊ नये, एवढे एकच पथ्य मी कडक सांगतो. रागाच्या भरात दिलेल्या उलट शिवीचा स्क्रीनशॉट पुढे तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून ठेवला जातो, आणि मग ‘दोघांचीही चूक आहे’ असे म्हणून प्रकरण मिटवणे सर्वांना सोपे जाते. त्या तासात पुरावा गोळा करावा. स्क्रीनशॉट घेताना तारीख आणि वेळ दिसली पाहिजे; आणि आपल्या फोनमध्ये त्या मुलाचे नाव ‘पक्या’ असे जतन केलेले असेल, तर स्क्रीनशॉटमध्ये पक्याच दिसतो, नंबर दिसत नाही, म्हणून त्याच्या माहितीचे पान उघडून नंबरचाही स्क्रीनशॉट घ्यावा. खात्याचे नाव बदलता येते, त्यामुळे खाते, त्यावरील मजकूर आणि त्याखालील प्रतिक्रिया यांचे सलग स्क्रीन रेकॉर्डिंग केलेले बरे. मूळ संदेश किळस आली म्हणून पुसून टाकू नयेत.

याला एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. अठरा वर्षांखालील कोणाचाही नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा फोटो असेल, मग तो खरा असो वा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला, तर ‘पुरावा’ म्हणून तो मैत्रिणीला, सरांना किंवा कोणालाही पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब आणि बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा यांनुसार असे चित्र पसरवणे हाच गुन्हा आहे. खात्याचे नाव आणि दुवा टिपून ठेवावा आणि थेट पोलिसांकडे जावे. अल्पवयीनांसाठी ‘टेक इट डाउन’ आणि प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळांवर, फोटो स्वतःच्या फोनबाहेर न जाता, त्याची केवळ अंकी खूण तयार होते आणि सहभागी समाजमाध्यमे तिच्या आधारे तो फोटो ओळखून काढू शकतात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा खासगी चित्रांविरुद्ध तक्रार आल्यावर ती हटवण्यासाठी कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती आणि २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आणली, हेही मुलांना ठाऊक असावे.

ब्लॉक करण्याविषयी माझे मत प्रचलित सल्ल्याहून थोडे वेगळे आहे. अनोळखी माणसाला खुशाल ब्लॉक करावे. पण वर्गातल्या मुलाला ब्लॉक केले की त्याला ते लगेच कळते, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ‘घाबरली बघा’ अशी नवी टिंगल सुरू होते, आणि तो पुढे काय लिहितो आहे हेही आपल्याला दिसेनासे होते. इन्स्टाग्रामवर २०१९ पासून ‘रिस्ट्रिक्ट’ नावाची सोय आहे. त्या मुलाची प्रतिक्रिया फक्त त्यालाच दिसते, त्याचे संदेश बाजूला पडतात, आपण ते वाचले की नाही हे त्याला समजत नाही, आणि मुख्य म्हणजे आपण असे काही केले आहे याची सूचना त्याला जात नाही. रोज समोर येणाऱ्या माणसासाठी हे शस्त्र अधिक कामाचे. व्हॉट्सॲपवर आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घ्यावे हे ठरवण्याची सोय आहे आणि ग्रुपमधून बाहेर पडल्याची खबर आता फक्त ॲडमिनला जाते. पण पुरावा घेतल्याखेरीज बाहेर पडू नये.

यानंतर प्रश्न येतो तो ग्रुपमधील इतरांचा, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. साठ जणांत छळणारे दोघे-तिघे, हसण्याचे चिन्ह टाकणारे सात-आठ, आणि बाकीचे गप्प. ज्याच्यावर बेतते त्याला या गप्प राहणाऱ्यांची शांतता म्हणजे संमतीच वाटते. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम नेमका याच बघ्यांवर काम करतो, आणि वर्गात छळणाऱ्याला मिळणारी दाद बंद करणे हा त्याचा पाया आहे. आपल्याकडे ग्रुपमध्ये उघडपणे विरोध करण्याचे धाडस प्रत्येकाला होणार नाही, आणि तशी सक्तीही करू नये, कारण उद्या स्टिकर त्याचेही निघेल. पण खासगीत ‘मी पाहिले, हे मला पटलेले नाही, उद्या डबा बरोबर खाऊ’ एवढा संदेश पाठवायला धाडस लागत नाही. ॲडमिनला तर सर्वांच्या फोनमधून संदेश पुसण्याचा अधिकार आहे. सदस्याच्या संदेशासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. आमच्या वर्गातील ॲडमिन मुलांना हा निकाल कसा कोण जाणे तोंडपाठ असतो, पुसण्याचे बटण मात्र माहीत नसते.

घरी सांगताना एकट्याने सांगू नये, असे मी सुचवतो. मावशी, आत्या, थोरली बहीण, ज्यांचा शब्द घरात चालतो अशा कोणाला तरी आधी विश्वासात घ्यावे आणि त्यांना बरोबर घेऊन आई-वडिलांशी बोलावे. ‘मला त्रास होतो आहे’ याच्याबरोबर ‘मी पुरावा ठेवला आहे आणि पुढे असे करायचे ठरवले आहे’ हेही सांगितले, की फोन काढून घेण्याचा विषय बराच मागे पडतो. पालकांनाही एक विनंती: छळणाऱ्या मुलाच्या दारात तावातावाने जाऊ नका. त्याने दोन कुटुंबांचे वैर तेवढे उभे राहते आणि वर्गातला छळ अधिक चतुराईने चालू राहतो.

महाविद्यालयाकडे तक्रार लेखी द्यावी आणि तिच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा शेवट बहुधा दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावण्यात होतो, आणि बळात अंतर असताना असा समेट म्हणजे दुबळ्याला दिलेली तंबीच होय. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा विद्यार्थ्याला मानसिक इजा पोहोचवणे, त्याच्या मनात भीती किंवा शरम निर्माण करणे यालाही रॅगिंग मानतो, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी असे सांगतो. अर्जात या कायद्याचा उल्लेख असला की अर्ज टेबलावर पडून राहत नाही.

धमकी, पाठलाग, खोटे खाते, खासगी फोटो किंवा पैशांची मागणी असेल तर पोलिसांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. शहरासाठी पोलीस आयुक्तालय आणि मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडील मुलांसाठी ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय, अशी विभागणी आहे. घरबसल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. १९३० हा सायबर मदत क्रमांक सोलापूरकरांना पाठ करावा लागू नये, कारण मार्शल लॉचे तेच साल आपल्या शहराच्या इतिहासात कोरलेले आहे. मात्र तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, आणि मुलांवरील संकटासाठी १०९८ हा वेगळा क्रमांक आहे. दुसऱ्याची डिजिटल ओळख लबाडीने वापरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क (इंग्रजीत ६६-सी) खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एखाद्या मुलीने नकार दिल्यावरही वारंवार संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

इथे पुन्हा ओळखीचा प्रश्न आडवा येतो. ‘शेजाऱ्याचा मुलगा आहे, त्याचे आयुष्य बरबाद होईल’ म्हणून पालक मागे फिरतात. करणारा अठरा वर्षांखालील असेल, तर त्याचे प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळापुढे चालते. अत्यंत गंभीर गुन्हे वगळता पोलीस सहसा एफआयआर न नोंदवता ठाणे दैनंदिनीत नोंद करून त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला देतात, आणि समुपदेशनासारखे मार्ग तिथे उपलब्ध असतात. तेव्हा शेजारच्या मुलाची काळजी करणाऱ्यांनी तक्रार टाळण्याचे कारण उरत नाही; उलट त्याला वेळीच अडवणारी तीच एक जागा असू शकते.

तक्रार निकाली निघाल्यावरही काम उरते. स्टिकर ज्यांनी आपल्या फोनमध्ये साठवले आहे त्यांच्याकडे ते राहतेच आणि दोन महिन्यांनी कोणाच्या तरी वाढदिवसाला पुन्हा वर येते. म्हणून माफी ज्या ग्रुपमध्ये अपमान झाला त्याच ग्रुपमध्ये मागितली जावी, प्रत्येकाने स्टिकर पुसल्याची वर्गशिक्षकांनी खात्री करावी, आणि ते पुन्हा दिसले तर कोणाला सांगायचे त्या एका शिक्षकाचे नाव त्या मुलीला आधीच देऊन ठेवावे. तिची झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, वर्गात येणे ती टाळू लागली असेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. पहिला फोन तिच्याजवळ बसून लावून द्यावा.